आधी एक टीम धर, मग भांडायला ये

भावा, परभणीत बसून फुटबॉलचं वेड लागलंय म्हणतोस, तर आधी अभिनंदन. इथं पानटपरीवर विषय निघतो तो क्रिकेटचाच, त्यामुळं सुरुवातीला एकटं वाटंल. वाटू दे.

पहिलं काम, एकच क्लब निवड. जिंकणारा बघून दर सीझनला टीम बदलणाऱ्याला कोणी विचारत नाही. अन् खेळाडूच्या मागं जाऊ नको. मेस्सीनं २०२१ मध्ये बार्सिलोना सोडून पॅरिसचा क्लब धरला, तेव्हा निम्मे पंखे एका रात्रीत पॅरिसवाले झाले! आपण तसलं नाही करायचं.

दुसरं, वैर समजून घे. लिव्हरपूल अन् मँचेस्टर युनायटेडचं भांडण नुसतं मैदानावरचं नाही. दोन्ही इंग्लंडमधली शेजारची शहरं. मँचेस्टरवाल्यांनी थेट समुद्रापर्यंत कालवा खणून १८९४ मध्ये सुरू केला, म्हणजे लिव्हरपूल बंदराला पैसे मोजायला नकोत. पाण्यावरून भांडण म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्याला कोणी शिकवायची गरज नाही. आपलं कोलकाताही बघ: मोहन बागान १८८९ चं, ईस्ट बंगाल १९२० चं. तिथं जिंकल्यावर ताटात कोळंबी की हिलसा मासा, हेही टीमवर ठरतं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- फक्त गोलांचे व्हिडिओ बघणं. पूर्ण ९० मिनिटं बस.
- मॅच न बघता रेफरीला शिव्या. (बघून दे, हक्कानं दे.)
- चॅम्पियन्स लीगसाठी (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) आठवडाभर जागरण. मॅच रात्री साडेबारा-दीडला सुरू होते, सकाळी कामावर कोण जाणार?

फॉर्मेशन (मैदानावर खेळाडूंची मांडणी), एक्सजी (संधी बघून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज) वगैरे पुढच्या वर्षी. आधी ऑफसाइडचा नियम नीट कळू दे.