‘सक्तीचे शिक्षण’: सक्ती नेमकी कुणावर?

प्रश्न असा आला आहे: 2009च्या कायद्याचे मराठी नाव ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम’. हक्क बजावायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, मग त्याच नावात ‘सक्ती’ कशी? त्यापेक्षा हिंदीसारखे ‘अनिवार्य’ बरे नाही का?

‘सक्ती’ आली फारसी ‘सख्त’वरून, म्हणजे कठीण, कडक. ‘सक्त मजुरी’, ‘सक्त ताकीद’ ही तिचीच भावंडे. ‘आसक्ती’शी मात्र तिचे काही नाते नाही, तिथला ‘सक्त’ संस्कृत.

खरी गोम ‘सक्तीचे’मधल्या ‘चे’त आहे. एरवी आपण सक्ती कुणावर तरी करतो. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हटले की तो ‘वर’ गळून पडतो आणि त्या रिकाम्या जागी आपण नकळत मुलाला बसवतो. जुने कायदे पाहिले तर तिथे आईबाप दिसतात. सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेलीत प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो बडोदा संस्थानभर नेला. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात सक्ती आणली, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता.

2009च्या कायद्यात शब्द तोच राहिला, ‘वर’ बदलला. कलम 8च्या स्पष्टीकरणात ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे सरकारचे बंधन: 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण द्यायचे, त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे, हे सगळे सरकारने पाहायचे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य कलम 10मध्ये आहे, पण दंड नाही. म्हणजे हक्क मुलाचा, सक्ती सरकारवर. एका नावात दोन्ही नांदतात ते असे.

‘अनिवार्य’ मला तरी नको वाटते. ते म्हणजे टाळता न येणारे. कोण कुणाला बांधील आहे, हा प्रश्नच त्यातून उठत नाही. ‘सक्ती’ म्हटले की निदान ‘कुणावर?’ असे कुणीतरी विचारते.

‘सक्तीने शिक्षण’ असेही कुठेकुठे लिहिलेले दिसते, ते टाळावे. ‘ने’ लागला की शिकवण्याची रीत आली, छडी आली. आणि शारीरिक शिक्षेला तर याच कायद्याच्या कलम 17ने मनाई केली आहे.