नेदरलँड्सला येताना चार दिवस काम की पाच?

भाऊ, नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी सोडून आइंडहोवेनला येतोयस. आठवड्याला ४० तास घ्यावे की ३२, पगार आणि फुरसत दोन्ही धरून जास्तीत जास्त समाधान कुठे मिळेल, हे तू विचारलंस. सोबत एक्सेलही पाठवलीस. ती पाहिल्यापासून डोक्यात हाच विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. व्हिसा, घर, बँक यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट मिळते, ती सोडते.

किती तास काम करायचं ते तूच ठरवणार, असं तुझ्या एक्सेलमध्ये धरलंय. पहिली काही वर्षं ते इथे राहण्याचा परवाना ठरवतो. आपण उच्चकुशल कामगारांच्या ज्या परवान्यावर येतो, त्याला दरमहा किमान पगाराची अट आहे. तास कमी केले म्हणून ती खाली येत नाही, आणि पगारावर वेगळा मिळणारा ८ टक्के सुट्टीभत्ता त्यात धरत नाहीत. ३२ तासांचा पगार त्या रेषेखाली गेला की परवानाच धोक्यात. इथल्या २०१६ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत २६ आठवडे झाले की तास बदलून मागता येतात. डच सहकारी सहज मागतात. मी मागितले तेव्हा कंपनी हो म्हणाली, पण पगाराचं पत्र चुकीचं आलं, दुरुस्त करून मागितलं तर पुन्हा जुनंच आलं. अख्खा हिवाळा त्यात गेला. आजही आठवलं की संताप येतो.

पैशाचं मात्र वाटतं तेवढं वाईट नाही. वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर ४९.५ टक्के कर आहे. तुझा पगार तिथवर पोचत असेल, तर एक दिवस सोडल्यावर हातातली रक्कम पाचव्या हिश्शाहून कमी घटते.

फुरसतीचा रकाना मला पटला नाही. तिथे तू प्रत्येक मोकळ्या तासाला सारखीच किंमत दिलीस. नागपुरात तू अमेरिकेच्या वेळेवर रात्री काम करतोस, पण सकाळचा चहा आईबाबांबरोबर होतो, घरी पोळ्यांना आणि भांड्यांना बाई आहे. इथे शनिवार कपडे, किराणा आणि पोरीच्या पोहण्याच्या क्लासात संपतो. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचून फोन लावावा, तर हिवाळ्यात तिकडे नागपुरात प्रतापनगरला रात्रीचे अकरा वाजलेले असतात. बाबा झोपलेले. बुधवारी दुपारी एकला लावला की ते नुकते चहाला बसलेले असतात आणि तासभर बोलतात. त्या एका तासासाठी मी पगार सोडला, आणि पुन्हा सोडेन.

एकटेपणाचं विचारलंस. नोव्हेंबरात होतो. दिवाळीत जास्त. मार्चपर्यंत ओसरतो.

शाळेचं मात्र ओसरत नाही. इथे बाराव्या वर्षाच्या आसपास शिक्षक सांगतात, मूल व्यवसायशिक्षणाकडे नेणाऱ्या व्हीएमबीओ शाखेला जाणार, मधल्या हावोला की विद्यापीठाकडे नेणाऱ्या व्हीडब्ल्यूओला. आमच्या लेकीचं गणित वर्गात सगळ्यात पुढे होतं. तिला हावो मिळालं, कारण काय तर घरी डच बोललं जात नाही. त्या वर्षी परवान्यासाठी मी पूर्ण ४० तास भरत होते आणि शिक्षकांच्या भेटीच्या वेळा नेमक्या दुपारी. हावोनंतर व्हीडब्ल्यूओत जाता येतं, लेक खूश आहे, नवरा म्हणतो सोड आता. माझ्याने सोडवत नाही.

म्हणून कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत, म्हणजे साधारण पाच वर्षं, पूर्ण पगार ठेव, पण करार करतानाच बुधवारची दुपार मोकळी माग. इतर दिवशी तास जास्त भरून देतो म्हण, बऱ्याच कंपन्या मानतात. तुझा मुलगा चार वर्षांचा आहे, तो लगेच डच शाळेत जाईल. बऱ्याच शाळा बुधवारी लवकर सुटतात. त्याला घेऊन ये आणि आजीआजोबांना फोन लाव. ३२ तासांचं नंतर बघ.