सॉफ्टबॉलची खेळाडू होतीस, आता सहायक प्रशिक्षक

कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्लास, त्याच पोरी आता तुला ताई म्हणणार. पहिले काही दिवस जड जातील, जाऊ देत. पिचिंग दरवेळी स्वतः करून दाखवायचा मोह आवर. चेंडू सुटताना मनगट मांडीजवळून जातंय का, ते बघत उभी राहा. 43 फुटांवरून आलेल्या वेगवान चेंडूला बॅटरकडे जेमतेम अर्धा सेकंद असतो, तेव्हा सरावातही हेल्मेटशिवाय कुणाला उभं करू नकोस. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा 40 च्या वर. सराव सकाळी साडेसहाला सुरू, नऊच्या आत बंद.

आणि मुख्य सरांचा निर्णय पटला नाही तर पोरींसमोर बोलू नकोस. मी एकदा बोललो, संघात दोन गट पडले. अजून सलतं.