पाठ केलेले पेपरात का आठवत नाही?

वार्षिक परीक्षा जवळ आली की नागपुरात माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे गाऱ्हाणे बहुधा एकच असते : आदल्या रात्री मुलाला सगळे येत होते, पेपरात मात्र जागा कोरी राहिली. पाचवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाल्यापासून ही काळजी अधिकच वाढली आहे.

मानेवाड्याहून आलेली एक आई म्हणाली, "मॅडम, मी चार-चारदा वाचून घेते नं, तेव्हा सारं येते त्याला." तिचे निरीक्षण खरे होते. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. वाचल्यावर लगेच सारे आठवते, रात्रीच्या वाचनावर पालकांचा विश्वास बसतो तो यामुळेच.

पहिल्या भेटी त्या मुलाचे दडपण उतरण्यातच गेल्या. पुढे एकदा मी त्याला पुस्तक मिटायला लावले आणि घरच्या नळाला पाणी कुठून येते ते विचारले. पेंचचे धरण, गोरेवाड्याचे जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाकी, असे सांगत तो आला आणि पाणी शुद्ध कसे करतात, तिथे अडला. आई उत्तर सांगणार होती. मी तिला खुणेने थांबवले. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, एवढंच पाहू द्या," आणि परिसर अभ्यासाचे पुस्तक त्याने आपणहून उघडले. आपल्याला नेमके काय येत नाही, हे त्याला स्वतःला कळले होते; उजळणीची खरी सुरुवात मी त्या क्षणापासून मानते.

त्याच पाण्यावरून मी गणिताकडे वळले. "घरची टाकी 500 लिटरची, बादली 15 लिटरची. किती बादल्या भरतील?" त्याने कागदावर भागाकार मांडला. "तेहतीस. आणि पाच लिटर उरतात... म्हणजे बाकी म्हणतात ती हीच?" वर्षभर तो बाकी अचूक काढत होता, पण ती कशाची उरते, हे त्याला त्या दिवशी उमगले. एका विषयातले ज्ञान दुसऱ्या विषयात वापरायला मिळाले की मूल ते आपले मानू लागते, ही माझी जुनी धारणा आहे आणि अशा मुलांमुळेच ती पक्की झाली आहे.

त्यामुळे पालकांना मी सांगते की एकाच विषयाला अख्खी संध्याकाळ देऊ नये. दहा-पंधरा मिनिटे मुलाला न बघता सांगू द्यावे, अडल्यावर लगेच उत्तर पुरवू नये, अडलेली जागा पेन्सिलने खूण करून ठेवावी आणि तोच प्रश्न दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने विचारावा. मराठीच्या उजळणीसाठी त्याच पाण्याच्या प्रवासावर पाच-सहा वाक्ये लिहून घ्यावीत आणि शुद्धलेखनाच्या चुका त्याचे लिहून संपल्यावरच दाखवाव्यात.