शब्दांची विचारपूस : ‘लागणे’

प्रश्न : फोनवर पुण्याच्या मावसबहिणीला ‘जेवाय लागलोय, नंतर करतो’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘आत्ता बसलास होय जेवायला?’ आमचं चुकतं का?
– एक वाचक, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही. प्रमाण मराठीत ‘पाऊस पडायला लागला’ म्हणजे सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीकडे मात्र ‘काय कराय लागलाईस?’ म्हणजे ‘काय करतोयस?’ ताट निम्मं संपलेलं असलं तरी ‘जेवाय लागलोय’च. अर्जात, पत्रात ‘जेवतोय’ लिहा. घरी बदलायचं कारण नाही.

जपायचं ते ‘मी’ आणि ‘मला’ला. ‘मी तालमीत जायला लागलो’ ही सुरुवात, ‘मला तालमीत जायला लागतं’ ही सक्ती. लिहिताना सक्तीसाठी ‘जावं लागतं’ वापरलं की घोटाळा मिटतो. तिथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं : मला भाकरी करावी लागली, भाकऱ्या कराव्या लागल्या.

स्टँडवर ‘रत्नागिरी गाडी लागली’ म्हणजे फलाटावर आली. आंबा घाटात ‘पोराला गाडी लागली’ म्हणजे पिशवी काढा!

शेतात तर ‘लागण’ हे नामच होतं. उसाची ‘आडसाली’ (सुमारे दीड वर्षाच्या पिकाची) लागण जुलै-ऑगस्टची, ‘सुरू’ नावाच्या हंगामाची लागण साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतची; तोडणीनंतर बुडख्यातून फुटतो तो खोडवा. ‘उसाची लागण झाली’ म्हणजे कांड्या सरीत गेल्या, ‘उसाला तांबेऱ्याची लागण झाली’ म्हणजे रोग पडला. बातमीचा मथळा आखडताना नेमकी इथेच फसगत होते. ‘तालुक्यात लागण वाढली’ एवढंच छापलं, तर शेतकरी उसाचं समजतो आणि डॉक्टर डेंग्यूचं.

प्रश्न : दिवा ‘लाव’ म्हणजे सुरू कर, दार ‘लाव’ म्हणजे बंद कर. हे उलटं कसं?

उत्तर : उलटं नाही. मुळात अर्थ टेकण्याचा, चिकटण्याचा. दार चौकटीला टेकतं, ज्योत वातीला. दूध तळाला ‘लागतं’ तेही तसंच. (लागलेलं दूध ढवळू नका, तळ खरवडू नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. खालचं हललं की जळका वास सगळ्यात उतरतो.) बटणाच्या दिव्याला वात नसते, पण शब्द टिकला आणि पंखा, टीव्हीही आपण ‘लावू’ लागलो. ‘गाडी लाव’ म्हणजे मात्र उभी कर. सुरू करायची असेल तर ‘चालू कर’ म्हणा.