वातड झाले, मावशी!

प्रश्न : मावशी, मी कराडला राहते, बँकेत नोकरी करते. मुलाला मक्याचे ते तिकोनी चिप्स फार आवडतात. तळलेले सारखे नकोत म्हणून मी मक्याच्या पिठाच्या पोळ्या लाटल्या, तुकडे कापले आणि २०० अंशांवर १५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवले. कडा काळपट झाल्या आणि मधला भाग वातड. दुसऱ्या खेपेला थोडे आधी काढले. तेव्हा बरे वाटले, पण डब्यात भरले आणि सकाळी बघते तर सगळे सादळलेले. सासूबाई म्हणाल्या, "यापेक्षा भाकरी वाळवून दिली असतीस तर पोरानं खाल्ली असती." नेमकं काय चुकतंय?

उत्तर : सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. खरं उत्तर त्याच देऊन बसल्यात.

सांगलीत गावभागात आमची बेकरी होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात भट्टीत पाणी शिरलं, मैद्याची पोती फुगून फुटली, त्यानंतर आम्ही ती पुन्हा उभी केली नाही. पण तिथे ३१ वर्षं मी टोस्ट आणि बटर बघितलेत. बटर म्हणजे चहात बुडवायचं ते गोल, लोणी नव्हे. टोस्टचा पाव आधी नीट भाजायचा, गार करायचा, दुसऱ्या दिवशी काप करायचे. आणि ते काप कधी आत जायचे? तर संध्याकाळी, लाकडं विझल्यावर, उतरत्या भट्टीत. रात्रभर तिथेच. सकाळी आमचे हे एक टोस्ट घेऊन ट्रेच्या कडेवर आपटायचे. खण्ण वाजला तर माल बाहेर, थप्प वाजला तर परत आत.

तुमचं नेमकं इथेच अडलंय. भाजणं आणि वाळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुम्ही दोन्ही २०० अंशांवर एकदम उरकायला गेलात. कड पातळ असते, तिचं पाणी पाच-सहा मिनिटांत उडतं आणि मग ती जळायला लागते. मध्यभाग जाड, तिथलं पाणी अजून वाट शोधत असतं. दुसऱ्या खेपेला तेच पाणी आत राहिलं. चिप्स गरम असताना कडा कुरकुरीत लागल्या, रात्री डब्यात मधली ओल कडांपर्यंत पोचली आणि सगळा माल सारखा मऊ झाला. पावसाची हवा डब्यात शिरली असं तुम्हाला वाटलं असेल, पण ओल तुम्हीच आत भरली होतीत.

आता मी काय करते ते सांगते. दोन वाट्या मक्याचं पीठ आणि अर्धी वाटी कणीक. पीठ पिवळं, दळून आणलेलं. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ती पांढरी पूड नव्हे, तो नुसता स्टार्च असतो. (पहिल्यांदा मी तोच आणला होता. परातीत जे तयार झालं त्याने पाकिटं चिकटवता आली असती.) दीड वाटी पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे तेल घालून उकळी आणायची, गॅस बंद करून पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मोदकाची उकड काढतो तसंच. मक्याच्या पिठाला गव्हासारखी ओढ नसते, ते गरम पाण्याने फुलल्यावरच एकमेकांना धरतं. कणीक आधाराला आहे. जास्त घातलीत तर चिप्स कुरकुरीत न होता कडक होतात, दाताखाली टणक लागतात.

मळून घेतलं की फुलक्यापेक्षाही पातळ लाटायचं. खालचा पोळपाट दिसेल इतकं नाही, पण पोळी उचलून खिडकीसमोर धरली तर उजेड आला पाहिजे. लाटताना कडा जाड राहू देऊ नका आणि मध्यही जाड नको, सगळीकडे सारखी. यातच अर्धं यश आहे. मग तव्यावर एका बाजूला २० ते २५ सेकंद, दुसऱ्या बाजूला तेवढंच. डाग पडू द्यायचे नाहीत, फुगू द्यायची नाही. फुगायला लागली तर काट्याने टोचा.

आणि आता घाई करायची नाही. या पोळ्या सुती कापडात तासभर ठेवायच्या. मोठ्या कारखान्यातही टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोतली मक्याची पोळी, भाजल्यावर लगेच तळत नाहीत, थोडा वेळ तशाच राहू देतात, म्हणजे मधली आणि कडेची ओल सारखी होते आणि नंतर फोड येत नाहीत. तासाभराने एकेका पोळीचे आठ तुकडे करा. ब्रशने दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवा, नुसता चमकण्यापुरता. कोरडे भाजले तर पुठ्ठ्यासारखे लागतात, तेव्हा तेल अगदीच टाळू नका. तेलावर लगेच बारीक मीठ भुरभुरा, नंतर ते चिकटत नाही.

ओव्हन आधी १७० अंशांपर्यंत तापवून घ्या. तुकडे एकमेकांवर येऊ न देता पसरा, मधल्या खणात सहा मिनिटं, उलटून पाच मिनिटं. रंग नुसता बदलायला लागला की ओव्हन बंद करा, दार बोटभर उघडं ठेवा आणि ट्रे आतच राहू द्या. १५ मिनिटं. ही तुमची उतरती भट्टी. बाहेर काढलेत की जाळीवर पसरा, ताटात नको. ताटात खालच्या बाजूला वाफ धरते.

झाले की नाही हे कसं कळणार? आमच्या ह्यांचा कान तुमच्याकडे नसेल तर वजनकाटा वापरा. ट्रेमध्ये ठेवताना तुकडे १०० ग्रॅम असतील तर तयार चिप्स ६० ते ६५ ग्रॅम भरायला हवेत. ७५ भरले तर दिसायला कितीही सुंदर असले तरी सकाळी सादळणार. दुकानातल्या चिप्समध्ये पाणी दोन टक्क्यांच्या आसपासच उरलेलं असतं, म्हणून ते महिनाभर टिकतात.

ओव्हनच्या बटणावरही फार विश्वास ठेवू नका. घरगुती ओव्हनमध्ये १७० लावलं की आत १९० पण असू शकतं, आणि मागचा कोपरा तर हमखास तापट. एकदा ट्रेभर पावाच्या स्लाइस मांडून दहा मिनिटं भाजा. कुठली आधी लाल होते ते बघून ठेवा. त्या कोपऱ्यात चिप्स ठेवायचे नाहीत, किंवा अर्ध्या वेळेला ट्रे फिरवायचा.

मसाला लावायचा असेल तर भाजून झाल्यावर, चिप्स गरम असताना. आपला कांदा-लसूण मसाला यावर झकास लागतो, पण तो आधी लावलात तर तिखट करपतं आणि कडवट चव येते. लिंबू पिळू नका, सगळ्या मेहनतीवर पाणी. आंबट हवंच तर आमचूर, नाहीतर चिमूटभर लिंबूफूल वाटून.

आणि सासूबाईंना सांगा, त्यांचंही करून बघितलंय. शाळूचं ताजं पीठ, याच पद्धतीने. चव मक्यापेक्षा सरस. फक्त पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, लाटताना कडा फाटतात, मग पुन्हा कड जळते आणि मध्य वातड.

प्रश्न : ताई, मी विट्याचा, निवृत्त शिक्षक. शेतात मका असतो. मेक्सिकोत म्हणे मका चुन्यात शिजवतात. हे खरं का, आणि आपल्या मक्यावर घरी करता येईल का? चुना पोटात गेलेला चालतो का?

उत्तर : गुरुजी, खरं आहे, आणि पान खाणाऱ्याने चुन्याला घाबरू नये.

तिकडे ही पद्धत काही हजार वर्षांची आहे. मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवायचा, त्याला निक्स्तमाल म्हणतात. नावातच राख आहे, तिथल्या नाहुआत्ल भाषेत नेश्तली म्हणजे राख. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, म्हणून त्यांची टॉर्टिया कणकेशिवाय नुसत्या मक्याची होते. शिवाय मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते चुन्याने मोकळं होऊन अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना तिथेच ठेवला. मग मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, कातडी सोलवटणारा रोग. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने तो १७३५ साली नोंदवला. चुन्यात शिजवलेला मका खाणाऱ्या मेक्सिकोतल्या शेतकऱ्याला मात्र त्याचा एवढा जाच झाला नाही.

करायचं असं. अर्धा किलो वाळलेला मका, दीड लिटर पाणी, पाच ग्रॅम खायच्या चुन्याची पूड. पानाचा ओला चुना असेल तर दहा ग्रॅम, सुगंध घातलेला नको. घर रंगवायचा चुना किंवा चुनकळी अजिबात नको. भांडं स्टीलचं. मी पहिल्यांदा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात केलं, चुन्याने पातेलं आतून काळं पडलं आणि मका टाकून द्यावा लागला. मंद आचेवर ४० मिनिटं शिजवा. दाणा बोटांत चोळला की साल निसटलं पाहिजे, पण आत मध्ये अजून कच्चा असावा. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, पिवळं चिकट साल निघून जाईल.

वाटताना मिक्सरला पाणी लागतं आणि त्याने पीठ सैल होतं. मी पाटा-वरवंट्यावर वाटलं, हात भरून आले पण काम चोख. मिक्सरच असेल तर थोडं थोडं वाटा आणि सैल झालं तर मक्याचं कोरडं पीठ मिसळा. वास मात्र पहिल्यांदा चमत्कारिक वाटेल. नव्याने चुना दिलेल्या खोलीत पाऊस आल्यासारखा. तव्यावर पडला की तोच वास दुकानातल्या चिप्सचा होतो, तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले होते. गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांत ठेवून पुरीच्या यंत्राने दाबा, पोळपाटावर लाटता येणार नाही. पुढचं सगळं वर कराडच्या ताईंना सांगितलं तसंच.

एक मात्र विसरू नका, पेरणीचं बियाणं उरलंय म्हणून ते शिजवायला घेऊ नका. त्याला विषारी औषध चोळलेलं असतं, म्हणूनच ते गुलाबी दिसतं. धुऊन ते जात नाही. आणि कोवळा गोड मका किंवा लाह्यांचा मका यासाठी उपयोगाचा नाही.

प्रश्न : ओव्हन नाही. कढईत होतील का? आणि एअर फ्रायरमध्ये? (सांगली, विश्रामबाग)

उत्तर : कढईत नको, खालून जळतात. लोखंडी तवा मंद ठेवून, वर जाळी, जाळीवर चिप्स आणि झाकण तिरपं, असं होतं, पण एका वेळी दहा-बारा. पाहुणे आले असतील तर रडकुंडीला याल. एअर फ्रायर चांगला, १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं. त्यातला वारा जोराचा असतो, तुकडे उडून वरच्या तारेला चिकटतात, म्हणून वर छोटी जाळी दाबून ठेवा.

प्रश्न : मावशी, जुलै-ऑगस्टमध्ये काहीही केलं तरी टिकत नाही. डब्यात तांदूळ ठेवू का? (औदुंबरजवळून)

उत्तर : तुमच्याकडे कृष्णा चढली की काडेपेटीसुद्धा पेटत नाही, तिथे मूठभर तांदूळ काय करणार! पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. रोज लागतील तेवढे छोट्या डब्यात वेगळे काढा, म्हणजे मोठा डबा पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही. सादळले तर फेकू नका. १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवा, जाळीवर गार करा, परत वाजतात.

प्रश्न : माझा नातू त्यांना नाचोज म्हणतो, सून टॉर्टिया चिप्स म्हणते. कोण बरोबर? (वाई)

उत्तर : सून. नाचो हे एका माणसाचं लाडकं नाव. मेक्सिकोत पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ अनाया नावाचा हॉटेलातला माणूस होता. १९४० च्या दशकात त्याने तळलेल्या टॉर्टियाचे तुकडे, त्यावर चीज आणि मिरच्या असं काहीतरी घाईत करून दिलं, आणि इग्नासिओचा लाडाचा नाचो त्या पदार्थाला चिकटला. म्हणजे चीज-मिरची घातलेलं ताट ते नाचोज, नुसते तुकडे ते चिप्स. नातवाला हे सांगाल तेव्हा ताटात चीज ठेवूनच सांगा, नाहीतर तो ऐकायचा नाही.