नव्या सरकारी बालविकास कार्यक्रमाच्या डिजिटल सेवेचं काम आलं आहे. पालकांसाठी आधी पोर्टल करावं की ॲप?

ॲप की पोर्टल हे नंतर ठरवा. त्याआधी टीमला आणि वरिष्ठांना एक गोष्ट विचारा: यंत्रणा अडली तर मुलाला सेवा मिळत राहील की तीही अडेल? पेन्शन दोन महिने रखडली तर हाल होतात, पण थकबाकी तरी हातात येते. आठ महिन्यांच्या बाळाचा चुकलेला आहार वर्षभराने देऊन भरून निघत नाही. शून्य ते सहा वयोगटाची सेवा इतर सरकारी सेवांहून इथेच वेगळी आहे, आणि माझ्या मते बाकी सगळं यावरूनच ठरावं.

आपल्यासमोर अंगणवाडीचं उदाहरण आहे. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे सेविकांनी नोंदी भरायचं मोबाइल ॲप आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता अपुरी होती, माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. म्हणजे दिवसभर ज्यांनी ते वापरायचं, त्यांचा विचार सगळ्यात शेवटी झाला. पुढे घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी आणि ई-केवायसी आली. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि बऱ्याच घरांत तो फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असतो. आई दारात उभी, पाकीट समोर, सेविका तिला वर्षानुवर्षं ओळखते, तरी स्क्रीन पुढे सरकत नाही.

म्हणून तुमच्या सेवेत ‘आधी द्या, पडताळणी नंतर’ ही वाट पहिल्या दिवसापासून हवी. सेविकेने ‘मी या कुटुंबाला ओळखते’ अशी नोंद करावी, आहार द्यावा आणि पडताळणी बाकी म्हणून पुढे जावी. गैरप्रकाराची भीती लगेच पुढे केली जाईल. ती खोटी नाही, पण तिचा बंदोबस्त नंतर काही नोंदी निवडून तपासण्याने करता येतो. त्यासाठी प्रत्येक आईला दारात अडवायचं कारण नाही.

दुसरं, नियम लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसा, शासन निर्णयाचा मसुदा कच्चा आहे तोवरच. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१७ पासून नोकरदार पालकांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला ३० तासांचं मोफत संगोपन मिळू लागलं, पण पालकांनी दर तीन महिन्यांनी आपली पात्रता पुन्हा कळवायची होती. अशी अट नियमातच असली की स्क्रीन कितीही सुबक करा, विसरलेल्या पालकाच्या मुलाला त्याची झळ बसतेच. एकदा पात्र ठरलेलं मूल ठरावीक वयापर्यंत पात्रच राहील, एवढं एक वाक्य मसुद्यात घालून घेतलंत तर कित्येक स्क्रीन बनवाव्याच लागणार नाहीत.

फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला विचारा: ही माहिती पाहून या महिन्यात कोण काय करणार? उत्तर नसेल तर तो काढा. वजन-उंची ठेवा, कारण घसरतं वजन दिसलं की सेविकेला त्याच आठवड्यात घरी जाता येतं. पण तेच आकडे वहीतही आणि फोनमध्येही लिहायला लावू नका.

स्थलांतराचा विचार सुरुवातीलाच करा. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुलाची नोंद गावाला बांधलेली असेल तर मधल्या महिन्यांत ते कोणाच्याच यादीत नसतं. नव्या गावच्या सेविकेला जुनी नोंद स्वतः शोधून घेता यावी, मूळ गावच्या मंजुरीची वाट न पाहता.

आता तुमचा प्रश्न. सेविकेसाठी मराठीत, नेटवर्कशिवाय चालणारं, स्वस्त फोनवर न अडखळणारं ॲप करा. पालकांसाठी सध्या दोन्ही नको. अंगणवाडी, साधा एसएमएस आणि कोणीतरी खरंच उचलेल असा एक फोन नंबर पुरे. चाचणीसाठी मुख्यालयाजवळचा तालुका देऊ करतील, तो घेऊ नका. जिथे रेंज जाते आणि कुटुंबं हंगामी बाहेर पडतात असा तालुका मागा, आणि चाचणी त्या हंगामातच ठेवा.